मायचा उजवा कान

मी शिकायला चेन्नईला निघाले त्या दिवशी बडनेऱ्याच्या फलाटावर सगळ्यात मोठा आवाज आमचाच होता. इंजिनचाही नाही. "पोचली का चिठ्ठी टाकजो! फोन मले काही कामाचा नाही!" माय खिडकीच्या गजांना धरून कोकलत होती, आणि मी आतून तेवढ्याच जोरात "टाकतो वं, टाकतो!" शेजारच्या सीटवरच्या बाईंनी कानावर पदर घेतला. बाबा मागे पिशवी धरून उभे. गाडी हलली आणि माझा धीर सुटला. मी अगदी हळू म्हटलं, "मले नाही जाचं, माय." तिला ऐकू जाणार नाही, म्हणूनच म्हटलं. तिनं तोंड फिरवलं आणि सिग्नलकडे बघत राहिली. मला वाटलं, बरं झालं, नाही कळलं.

बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीतल्या माणसांनो, तुमच्यातले अर्धे तिथंच राहिलात, अर्धे माझ्यासारखे कुठंकुठं पांगलात, पण आमचं घर कोणी विसरला नसाल. बाबा गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन, माय बहिरी, आणि आम्ही तिघं मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं मागायचो. माझ्या जन्मानंतर मायचे दोन्ही कान हळूहळू गेले. "हे पोरगी आली अन् माहे कान घेऊन गेली," ती चारचौघांत हसून सांगायची. तुम्हीही हसायचात. मला मात्र ते लागायचं. कानाची डॉक्टर का झाले असं लोक विचारतात, तेव्हा मी काहीतरी मोठं सांगते. खरं कारण हे आहे.

चेन्नईत होस्टेलच्या पोरींना पहिले सहा महिने वाटत होतं की मी रोज कोणाशी तरी भांडते. "मेल्ल, मेल्ल," त्या म्हणायच्या, म्हणजे हळू बोल. मग मी तमिळ शिकले ते हळूच, इंग्रजीही हळूच. मराठी उरली सुट्टीत मायशी बोलायला, आणि ती तर ओरडूनच बोलायची असते. आपल्या भाषेत हळू बोलता येत नाही असं माणूस तुम्ही पाहिलंय का? ते मी.

तिथं मी जे पाहिलं त्यानं मात्र माझी बोलती बंद झाली. एका म्हाताऱ्याच्या मानेतली गाठ. आमच्या सरांनी तिच्यात सुई घातली, माय गोधडी शिवायची त्या सुईपेक्षाही बारीक. आत आलेला थेंब काचेवर पसरला, रंगवला, आणि मायक्रोस्कोपखाली तो आजार नावागावासकट समोर! एका थेंबात माणसाचं पुढचं सगळं आयुष्य. मी वेड्यासारखी बघत राहिले. मग कान पाहिला. त्यात घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, तिळाएवढं. ते हललं तर जग ऐकू येतं. ते जाम झालं, गंजलेल्या कडीसारखं, तर सगळं बंद. मायचं तेच झालं होतं. पुस्तकात वाचलं की काही बायकांत हा आजार बाळंतपणानंतर वाढतो, आणि पुस्तक मिटून बसले. माय थट्टेत म्हणायची ते खरंच होतं.

आता मी इतर सर्जनना त्या जाम हाडाचं काम करणारा पिस्टन बसवायचं ऑपरेशन शिकवते. दोन नियम माझे. पहिला, पेशंटचं ऐकणं तपासताना आधी आपलं तोंड झाका, कारण बहिरा माणूस ओठ वाचतो आणि तुम्हाला फसवतो. दुसरा, शिकणाऱ्यानं हत्यार धरलं की शिकवणाऱ्यानं हात मागे बांधायचे. चांदूर रेल्वेची शीतल माझ्याकडे वर्षभर शिकायला होती. सुरुवातीला तिनं सरावाची इतकी हाडं मोडली की मी तिला दोनदा लॅबबाहेर काढलं. वर्षअखेरीस मीच तिचा हात बघायला खुर्ची ओढून बसायचे. मग ती अकोल्यात येऊन ऑपरेशनं करू लागली.

दर सुट्टीत मी मायच्या मागे लागायचे, ऑपरेशन करून घे म्हणून. "तुहे बाबा ऐकतेत ना माह्या वाटचं," ती म्हणायची. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मग रिटायर झाल्यावर त्यांनी घेतलेल्या अकोल्याच्या घरी तिच्या वाटचं ऐकायला कोणी राहिलं नाही. शिट्या ऐकू न येऊन कुकर जळाला, तेव्हा कुठं ती तयार झाली. पण चेन्नईला यायला साफ नाही. "तिथले लोक काय म्हणून राहिले ते ऐकू आलं तरी मले समजणार आहे का?" अकोल्यात हे काम भरवशाचं शीतलचंच. आणि मी स्वतः मायच्या कानाला हात लावणार नव्हते. डाव्या कानाचं आता काही होण्यासारखं नव्हतं, उजव्यात थोडं ऐकणं शिल्लक होतं. सुई केसभर चुकली की तेही कायमचं जातं. आयुष्यभर इतरांना हे शांतपणे सांगत आले. मायला तेच ओरडून सांगावं लागलं. ती म्हणाली, "तू पाहाले राहाशीन ना? मंग झालं."

माय पूर्ण शुद्धीवर, फक्त कान बधिर, तोंडावर हिरवं कापड. शीतल मायक्रोस्कोपला, मी बाजूच्या नळीतून बघत. तिळाएवढ्या त्या हाडाच्या तळाला तिनं सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. माझा हात आपोआप पुढे गेला. "मॅडम, हात मागे," शीतल मान वर न करता म्हणाली. मी हात मागे बांधले आणि घाबरले, आयुष्यात पहिल्यांदा, मायक्रोस्कोपपाशी. तिनं केसाहून थोडा जाड पिस्टन बसवला, कानाचा पडदा जागेवर सोडला आणि मला खुणावलं. आता हळू बोलून बघायचं.

मी वाकले, आणि सवयीनं सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "माय! ऐकू येते का वं?"

कापडाखालून आवाज आला, "काहून कोकलते? बहिरी आहो का मी?"

सिस्टर हसल्या, शीतल हसली आणि रडली. मी पुन्हा वाकले. मराठीत हळू काय बोलायचं ते सुचेना. तोंडात जे अडकून होतं तेच निघालं, "त्या दिवशी मले जाचं नोतं, माय."

कापडाखालून तीही हळू बोलली. मायचा हळू आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"मालूम आहे मले. ओठ वाचले होते मी तुहे. म्हणून तं तोंड फिरवलं. पाहात राहिली असती तं उतरवून घेतली असती."

जगाला ओठांचा नियम शिकवते मी, आणि स्वतःच्या मायच्या बाबतीत एवढी वर्षं ते मला सुचू नये! हात मागे बांधायचं मला सरांनी शिकवलं असं मी सांगत फिरते. सरांच्याही आधी एक बाई बडनेऱ्याच्या फलाटावर हात बांधून उभी होती.

आता रोज संध्याकाळी चेन्नईहून मी तिला फोन करते. फोन पहिल्यांदाच तिच्या कामाचा झालाय. पहिलं वाक्य माझं अजून ओरडूनच निघतं. "हळू वं," माय म्हणते, "इथंच तं आहो मी."