दहावं माणूस

माझा स्वभाव मुळात उतावळा. कुकरचं झाकण मी वाफ जिरायच्या आत उघडायला जाते आणि भात कच्चा राहिला की घरातले माझ्याकडे बघतात. अशा बाईला एखादी गोष्ट कळलेली असावी, ती विचारता येऊ नये आणि तिच्यावर भाषण मात्र करायची वेळ यावी, म्हणजे काय होतं ते मी गेल्या वर्षी अनुभवलं.

गुरुग्रामला एका तळघरात माझा पडदे-चादरींचा छोटा धंदा आहे. डिझाइन आमचं, विणकाम आणि रंगाई पानिपतला. तेव्हा माझ्याकडे नऊ माणसं होती. दहावं मी मुद्दामच घेतलेलं नव्हतं. दहा झाली की बाळंतपणाच्या रजेचा कायदा लागू होतो: सव्वीस आठवडे भरपगारी रजा, आणि तो पगार मालकाच्या खिशातून. नऊ असली की सगळं मालकिणीच्या मर्जीवर. ती मर्जी चांगली आहे, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती.

माझी डिझायनर मूळची साताऱ्याकडची, नवरा फौजेत, राहायला कॅन्टोन्मेंटमध्ये. दर आठवड्याला पानिपतला जाऊन रंग पास करून येणारी ही मुलगी एकाएकी म्हणायला लागली, "ताई, सॅम्पल कुरिअरने मागवूया ना. नाहीतर फोटो. बिल्कुल सेम दिसतात." फोटोत रंग कधीच सेम दिसत नाहीत, हे मला तिनेच शिकवलेलं. मग तिचा चहा सुटला. मग टेबलावर आवळासुपारीची डबी आली. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला याहून जास्त काय सांगायला हवं?

"तिने अजून सांगितलं नाही ना? मग तूही विचारू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "तीन महिने होईपर्यंत तोंडातून काढायचं नसतं." त्यांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेली, मुलं दिल्लीला सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढली. "आमच्या वेळी रजा टाकली की झालं. साहेबाच्या खिशातून थोडाच जायचा पगार?" एवढं बोलून त्या पेपर वाचायला लागल्या. मी रीत पाळायची ठरवली. करोल बागेतून डोहाळजेवणासाठी हिरवी साडी आणून ऑफिसच्या कपाटात ठेवली.

पण वाट बघणं मला जमत नाही. एका हॉटेलची मोठी ऑर्डर अंगावर होती. ही कधी जाणार, परत येणार का, तोवर काम कोण बघणार? तिच्या जागी माणूस घ्यावं तर दहा होतात आणि मग तिची रजा कायद्याची होते. न घ्यावं तर ऑर्डर बुडते. इकडे आड, तिकडे विहीर. मी उगाच तिच्या टेबलाभोवती घुटमळायचे. ती मान वर करून विचारायची, "काही हवंय, ताई?" आणि मी पडद्याच्या कड्यांबद्दल काहीतरी बोलून सुटायचे.

त्यातच आमच्या लघुउद्योग संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला. या रजेबद्दल राज्याचे नवे नियम बनत होते आणि मालकांच्या सूचना ऐकायला कामगार खात्याने बैठक ठेवली होती. कायदा केंद्राचा असला तरी राज्याने आपल्यापुरती दहाची मर्यादा वीसवर न्यावी, अशी संघटनेची मागणी होती. "मॅडम, आप बोलिए," ते म्हणाले. "हम बोलेंगे तो लगेगा औरतों के ख़िलाफ़ हैं." बाई म्हणून मला पुढे करतात याचा राग आला. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, याचा त्याहून जास्त आला. रजेवरच्या बाईचा पगार आणि बदलीच्या माणसाचाही, एवढुशा दुकानाने काढायचा कुठून? मी हो म्हटलं.

भाषण मी तोंडी सांगत गेले आणि टाइप माझ्या डिझायनरनेच केलं. माझं सगळं टायपिंग तीच करते, सवयीने हाक मारली. मध्ये एक वाक्य होतं, लग्न झालेल्या मुलींना कामावर ठेवायला छोटे मालक बिचकतात अशा अर्थाचं: "इस क़ानून की वजह से छोटे मालिक शादीशुदा लड़कियों को रखने से कतराते हैं." तिची बोटं थांबली नाहीत. वाक्य पुरं करून तिने विचारलं, "पुढे, ताई?"

बैठकीत स्लाइड बदलायला तीच बरोबर आली. माझ्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती, मधूनमधून बाटलीतलं लिंबूपाणी पीत. मी वाचत वाचत त्या वाक्यापाशी आले आणि मला ते वाचवेना. गाळलं. मग वीसची मागणीही गाळली आणि मनात आलं ते बोलले: रजेला आमची ना नाही, पण पगाराचं ओझं एकट्या दुकानावर टाकू नका, सरकारने एखादा फंड काढावा. अधिकारी म्हणाले, "सुझाव अच्छा है, लिखित में भेज दीजिए." अध्यक्ष चहालाही थांबले नाहीत.

परतताना कॅबमध्ये ती म्हणाली, "ते वाक्य वाचलं नाहीत तुम्ही."

"नाही."

मग म्हणाली, "ताई, मला पाचवा लागलाय."

"अगं, मग तिसरा संपल्यावर तरी सांगायचंस. मी रीत म्हणून गप्प बसले."

"कसली रीत? घरी, कॉलनीत सगळ्यांना लगेचच सांगितलं. पानिपतच्या रंगाईवाल्या मास्टरजींनाही माहितेय, तेच म्हणाले रंगाच्या वासात येऊ नको. फक्त तुम्हालाच सांगितलं नव्हतं." तिचा आवाज जराही चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "दहावं माणूस तुम्ही का घेत नाही, ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, ताई."

मी भलतंच बोलून गेले, "तुझ्यासाठी हिरवी साडी आणून ठेवलीये कपाटात."

ती हसली, अगदी मनापासून. "साडी घेईन ना. पण रजा लेखी द्या."

दुसऱ्या दिवशी मी तिला टायपिंगला हाक मारली नाही. दोन बोटांनी, चुका करत, दोन कागद स्वतःच टाइप केले. एक तिच्या रजेचा, दुसरा दहाव्या माणसाच्या जाहिरातीचा. एवढे पगार कसे निघणार, याचा हिशेब तेव्हा जुळत नव्हता आणि अजूनही जुळत नाही. रजेचा कागद साडीवर ठेवून मी तिच्या टेबलावर नेऊन दिला. तिने आधी कागद वाचला, अगदी खालच्या सहीपर्यंत. मग साडीची घडी उघडली.