‘हो’च्या चौकटीतली खूण

“मुलीचे कान ठणठणीत आहेत,” डॉक्टर म्हणाले. “हा ऑटिझम आहे.”

स्वरा तेव्हा तीन वर्षांची होती. हाक मारली तरी वळायची नाही, म्हणून आम्ही महाडहून मुंबईला जाऊन तिची बेरा टेस्ट केली होती. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते त्यात बघतात. ऑटिझम म्हणजे मेंदूची जडणघडणच वेगळी, औषधाने जाणारी गोष्ट नव्हे, थेरपी करत राहायची, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. माझी बायको सुनंदा ऐकत होती. मी रिपोर्टवरचं नाव बरोबर आहे का ते तपासत होतो.

माझा स्वभावच तसा. औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. प्रत्येक बॅचचा नमुना आम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवतो, आणि नष्ट करायचा तर दोन सह्यांचा कागद लागतो. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

पोलादपूरच्या वरच्या वाडीत आई राहते. तिला कळलं तेव्हा सुनंदासमोरच म्हणाली, “आपल्या घरात असा कोन नाय रे. सुनेकडचा असंल.” मी विषय बदलून पावसाचं विचारलं.

स्वरा सहा वर्षांची झाली, तेव्हा थेरपी सेंटरवर जनुकांचं संशोधन करणारी टीम आली. जनुकं म्हणजे शरीर कसं घडावं याच्या, आईबापांकडून मुलाला मिळालेल्या सूचना. त्यात ऑटिझमचं मूळ शोधायचं होतं, आणि त्यासाठी आम्हा तिघांचं रक्त हवं होतं. तपासणी फुकट. फुकट ते पौष्टिक म्हणतात लोक, मी फुकट ऐकलं की आधी अटी वाचतो.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंना मी धारेवर धरलं. उरलेलं रक्त कुठे ठेवणार? किती वर्षं? नष्ट केल्याचा कागद मिळेल का? त्या आधी हसल्या, मग मी हसत नाही हे पाहून प्रश्न लिहून घेऊ लागल्या.

“स्वराला याचा फायदा काय?”

“खरं सांगू? आत्ता तरी काहीच नाही. झाला तर पुढच्या मुलांना होईल.”

“म्हणजे पोटातच ओळखायचं, नि अशी पोरं जन्मालाच येऊ द्यायची नाहीत?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “आमचा तो हेतू नाही. पण पुढे कोण ही माहिती कशी वापरेल, याची हमी मी देऊ शकत नाही.”

इतकं खरं बोलतात म्हटल्यावर माझा संशय उलट वाढलाच. संमतीचा फॉर्म घरी नेऊन वाचा, म्हणाल्या. चौकटींतल्या खुणा मात्र मी तिथेच करून टाकल्या.

एसटी स्टँडवर सुनंदाने फॉर्म मागून घेतला. हॉर्नच्या आवाजाने स्वरा कान दाबून तिला चिकटली होती. ओळींवरून फिरणारं सुनंदाचं बोट एका प्रश्नावर थांबलं. जनुकातला बदल आईकडून आला की वडिलांकडून, हे कळवावे का? ‘हो’च्या चौकटीत माझी खूण होती.

“ह्ये कळून काय करनार हाय तुमी?”

मी फॉर्म परत घ्यायला हात पुढे केला.

“आईंना दाखवायला पायजे ना कागद?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचं ते वाक्य तिने तीन वर्षं एकटीने सोसलं होतं, आणि मी त्याला पुरावा गोळा करायला निघालो होतो.

आम्ही रक्त दिलं नाही. सुईसाठी स्वराला तिघांनी दाबून धरावं लागतं. तिच्या भल्याचं असतं तर धरलंही असतं. “नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, थेरपी चालूच राहील,” असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तसंच झालं. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो.

कारखान्यात चुकीची नोंद पुसत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी सही करतात, चूक वाचता आली पाहिजे. त्या ‘हो’वर मी तशीच रेघ मारली. फॉर्म स्वराच्या फायलीत आहे. तुमच्यापुढे असा कागद आला तर सही करा किंवा करू नका, पण त्यांना विचाराल तेवढेच प्रश्न स्वतःलाही विचारा.

तपासणीचं आईच्या कानावर गेलं होतं. नंतर वाडीवर गेलो तेव्हा तिने विचारलंच. “मग? कुनाकडचा दोष निघाला?”

“तपासलंच नाय. पोर आमची दोघांची हाय, आई. परत इचारू नको.”

सुनंदा तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्यावर तिचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही.