पंख मिटलेला फोटो

चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी साडेसहाला माझा धाकटा भाऊ फुलपाखरांचे फोटो काढायला घरातून निघाला. तो परतला नाही. मोबाईल घरीच राहिला होता. कॅमेरा त्याच संध्याकाळी कोल्हापूर बसस्थानकाजवळच्या चहावाल्याने पोलिसांकडे दिला. बाकावर तो कोणी ठेवला, हे त्याने पाहिले नव्हते.

शेवटचा फोटो दहा वाजून चाळीस मिनिटांचा होता. ओल्या मातीवर नखाएवढे निळे फुलपाखरू. तो कामाला होता त्या दुकानाला सोमवारची सुट्टी असली की भाऊ दोनच ठिकाणी जायचा: कळंब्याच्या तलावावर, नाहीतर कुरुंदवाडजवळच्या क्षारपड शेतांत.

त्याच्या वहीत या निळ्यांच्या दोन जाती होत्या. वरून दोन्ही सारख्याच. फरक खालच्या बाजूला. एकीच्या पुढच्या पंखावर आतल्या अंगाला एक जादा ठिपका असतो, दुसरीच्या नसतो. 'ठिपकेवाली फक्त कुरुंदवाडला, बिनठिपक्याची फक्त कळंब्याला,' असे त्याने लिहिले होते.

पोलिसांनी तलावात शोध सुरू केला होता. आई काठावर बसून होती. मी फोटो कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना दाखवला.

"पंख उघडे आहेत हो," ते म्हणाले. "मिटलेला एक तरी द्या, लगेच सांगतो."

तसा फोटो नव्हता. आईला सांगितले.

"ठिपका हाय म्हण की," ती म्हणाली. "पाण्यातनं ती माणसं तरी भाईर येतील."

"दिसत नाही, आई."

"जन्मभर पेपरात लोकांच्या बातम्या छापल्यास. घरातली एक छापाय काय धाड भरली तुला?"

मी पोलिसांना 'ठरवता येत नाही' असे सांगितले.

तिसऱ्या दिवशी तलावातला शोध थांबवला. काही सापडले नाही. आई कुरुंदवाडला मावशीकडे राहायला गेली. रोज शेतांकडे जायची आणि दिसेल त्याला विचारायची, "पावणं, कॅमेरावाला बघितलासा काय?"

पुढच्या सोमवारी मी तिथे गेलो. बांधावरच्या तणात निळी उडत होती. आई माझ्या मागे उभी राहिली. एकेक खाली बसून पंख मिटेपर्यंत आम्ही थांबत होतो. दुपारपर्यंत सात नीट पाहता आली.

चारांना ठिपका होता. उरलेल्या तिन्हींना नव्हता.