बोथ, तामसी, गुडीहत्नूर आणि थायलंडचं बेट

आम्ही तिघं एकत्र बसलो की थायलंडच्या बेटाचा विषय निघतोच. बेटावर होतो एकच दिवस, पण किस्से दरवर्षी वाढत चाललेत. घरचे विचारतात, "तुमी तिथं महिनाभर राह्यले होते का?"

तिघंही बियाणं-खताचे दुकानदार, शाळेपासूनचे दोस्त. माझं दुकान गुडीहत्नूरला, देवरावचं बोथला, विठ्ठलचं तामसीला; तिन्ही गावं महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, पण पलीकडं तेलंगणात. माल चांगला खपवला म्हणून एका कंपनीनं टूर दिली आणि आम्ही आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाह्यला, तोही परदेशातला.

किनाऱ्यावर विठ्ठल पाण्याकडं टक लावून उभा होता. मला वाटलं, भारावला असेल. मग म्हणाला, "इतकं पाणी पडून हाये, अन् एक एकर कपाशी भिजत नाही याच्यात."

*

बोटीवरचा गाइड मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. "भैया, कहाँ से?"

मी म्हणालो, तेलंगणा. देवरावनं जुन्या सवयीनं आंध्र सांगितलं. शेजारच्या नागपूरच्या जोडप्यानं आमची बोली ऐकली आणि परस्पर ठरवून टाकलं, "महाराष्ट्र."

तेव्हा राज्य नवंच झालेलं, वरून जिल्ह्याचेही तुकडे पडलेले. पासपोर्टवर एक राज्य, दुकानाच्या बोर्डावर दुसरं. हे सगळं मी गाइडला समजावलं. तो बिचारा हळहळला. "आप लोग इतना घर क्यों बदलता है?"

देवराव शांतपणे म्हणाला, "हम तो वहींच बैठे हैं. सरकार घूम रही है."

*

बेटावरचं जेवण अळणी असणार, याची देवरावला खात्री. म्हणून त्यानं घरून लाल मिरचीचा ठेचा आणलेला. वाढणाऱ्या बाईनं कुतूहलानं डब्याकडं बोट दाखवलं. "दीदी, संभल के," म्हणत त्यानं नखाएवढा दिला.

तिनं चाखला, मान डोलावली आणि चमचाभर घेतला. मग आत जाऊन स्वतःची हिरवी चटणी घेऊन आली. देवरावनं एक घास घेतला. इज्जतीपायी दुसराही घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या.

"काऊन रडून राह्यला बे?" विठ्ठलनं विचारलं.

"घरची याद आली."

*

परतताना किनाऱ्यावर सारख्याच दिसणाऱ्या कितीतरी बोटी, आणि प्रत्येकाच्या अंगात तेच केशरी जाकीट. आमची बोट निघाली. विठ्ठल पुढं पाठमोरा बसलेला. अर्ध्या वाटेत देवरावनं त्याच्या पाठीवर थाप मारली, तर वळून पाहणारा माणूस भलताच.

विठ्ठल आमच्या बोटीत नव्हताच. विठ्ठलचा फोन आणि शुगरच्या गोळ्या माझ्या पिशवीत. त्याला येतं फक्त मराठी आणि तेलुगू, हिंदी कामापुरतं. गाइडनं इकडं-तिकडं फोन लावले, पण कोणालाच काही कळेना. धक्क्यावर उतरून आम्ही तिथंच थांबलो. दिवसभर बडबडणारा देवराव एकच बोलला, "वैनीले काय सांगायचं गड्या?"

ऊन उतरलं तेव्हा एक बोट लागली. आत सगळ्या परदेशी बायका, आमच्या आईच्या वयाच्या. मधोमध विठ्ठल, कानावर फूल, मांडीवर कोणाची तरी पर्स. चुकून त्यांच्या बोटीत चढला होता. त्या दोन बेटं जास्त फिरल्या, तर हाही फिरला.

देवरावनं धावत जाऊन त्याला मिठीच मारली. जन्मात पहिल्यांदा.

"सोड बे, लोकं पाहून राह्यले," विठ्ठल म्हणाला.

बोट परत निघाली. तशा त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या, हात जोडले आणि एका सुरात म्हणाल्या, "जेवले का, भाऊजी?"

विठ्ठलनंही हात जोडले. "हो बाई, जेवलो."