शुक्रवारची हदीस, शनिवारचं गॅरेज

गॅरेजचं एक बरं असतं. गिऱ्हाईक गाडी घेऊन जातं, पण किस्सा आपल्याकडेच ठेवून जातं! गाड्या आल्या, दुरुस्त झाल्या, धुरळा उडवत मुंबईच्या रस्त्याला लागल्या. किस्से मात्र कोपऱ्यातल्या जुन्या टायरांसारखे साठत गेले. आमच्या कासारवाडीच्या गॅरेजात ते जरा जास्तच साठले, कारण गॅरेजचे मालक होते दस्तगीरभाई.

दस्तगीरभाई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. नात्यानं माझे दाजी आणि कामानं माझे उस्ताद, म्हणजे उलटून बोलायची दोन्हीकडून चोरी! स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती नुकत्या कुठे उभ्या राहत होत्या, विटा-सिमेंटच्या लॉऱ्या दिवसभर रस्त्यावरून धावायच्या, आणि त्यांतल्या निम्म्या आमच्या दारात येऊन बंद पडायच्या.

आता बाकीची माणसं जुम्म्याला मशिदीत जातात, मौलवीसाहेबांचं बयान ऐकतात, मान डोलवतात आणि बाहेर येऊन चपला शोधतात. मीही त्यांतलाच. भाईंचं तसं नव्हतं. शुक्रवारी मौलवीसाहेबांनी हदीस सांगितली की शनिवारी सकाळी ती गॅरेजला लागू! "पैगंबरसाहेबांनी सांगितलं ते ऐकून सोडून द्यायला नाही, करायला आहे," असं म्हणायचे. मग त्यात तुम्ही मुसलमान आहात की नाही, याचा काही संबंध नसे. नामदेव नावाचा आमचा साताऱ्याकडचा फिटर शुक्रवारी संध्याकाळीच मला गाठायचा.

"उस्मानभाई, उद्यापास्नं काय काढलंय?"

त्या वर्षी भाईंनी मनात एकच धरलं होतं. अम्माला, म्हणजे त्यांच्या आईला, हजला पाठवायचं. अम्माचा धाकटा भाऊ मुंबईहून बोटीनं जाणारच होता, सोबतीचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता भाड्याचा, आणि त्याचं उत्तर गॅरेजसमोर उभं होतं. लढाईत वापरलेली, लिलावात घेतलेली एक जुनी लॉरी. ती विकली गेली तर अम्मा यंदा हजला, नाहीतर पुढच्या वर्षी. आणि अम्माचं वय 'पुढच्या वर्षी' म्हणण्याचं राहिलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

❖

पहिला दणका बसला तो खिळ्यांचा.

एका जुम्म्याला मौलवीसाहेबांनी सांगितलं, रस्त्यातली लोकांना इजा करणारी वस्तू उचलून बाजूला टाकणं, हासुद्धा सदका आहे, दानधर्मच आहे. मी मान डोलवली. शनिवारी सकाळी भाईंनी आमच्या हातात एकेक डबा दिला!

"चला, रस्त्यावरचे खिळे वेचा."

आमच्या रस्त्यावर खिळ्यांना तोटा नव्हता. बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे, टांग्याच्या घोड्यांच्या नालांचे, बांधकामाच्या फळ्यांचे. आणि खरं सांगायचं तर आमचं निम्मं गॅरेज त्या खिळ्यांवरच चाललं होतं! नामदेवनं डबा हातात धरून विचारलं, "भाई, खिळं उचललं तर पंक्चर कशाचं काढायचं?"

"रिझिक, रोजीरोटी, अल्ला देतो."

"देतो की. पर आजवर खिळ्यांच्या हातनंच देत हुता."

पंधरवड्यात पंक्चरचं काम जवळजवळ थांबलं. नामदेव रिकामा बसून रस्त्याकडे आशेनं बघायचा. एक दिवस एक गाडी फुसफुसत आली. नामदेवला कोण आनंद! भाईंचा चेहरा मात्र पडला. त्यांनी ड्रायव्हरला दोन्ही हात धरून विचारलं, "खिळा कुठं लागला हो?"

"देहूरोडच्या अलीकडं."

"हां, मग आपल्या हद्दीबाहेर आहे," म्हणून भाईंनी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाई गॅरेजात दिसेनात. नामदेवनं डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "सायकल न्हाई आन् डबाबी न्हाई. गेलं देहूरोडला!"

❖

आता सगळी मदार लॉरीवर. तिला आम्ही रंग दिला, सीट शिवली, रेडिएटरची पितळी टोपी घासून लखलखीत केली. आणि नेमकी त्या शुक्रवारी मौलवीसाहेबांना धान्याच्या राशीची हदीस आठवली.

पैगंबरसाहेब बाजारातून जात होते. त्यांनी एका व्यापाऱ्याच्या राशीत हात घातला, तर आत धान्य ओलं. पावसानं भिजलं, असं तो म्हणाला. मग ते ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो तो आमच्यातला नव्हे.

शनिवारी सकाळी बघतो, तर भाई पत्र्यानं लॉरीचा नवा रंग खरवडतायत!

"भाई, हे काय?"

"याच्याखाली जोड आहे. गिऱ्हाइकाला दिसायला नको? आपलं ओलं वर काढतोय. फसवून आणलेल्या पैशानं अम्माची हज कशी कबूल होईल?"

आम्हीही पत्रे घेतले आणि खरवडायला बसलो.

पहिलं गिऱ्हाईक थेरगावचा वीटभट्टीवाला. त्यानं बिचाऱ्यानं सहज विचारलं, "कशी हाय गाडी?"

"वाईट आहे," भाई म्हणाले, आणि मोजायला लागले. गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ओरडतो. चढावर पाणी उकळतं. डावा दरवाजा आतून उघडत नाही, उजवा बाहेरून. वीटभट्टीवाला आधी हसला, मग गंभीर झाला, मग खाली बसला. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "मालक, हिच्यात चांगलं असं काय हाय?"

भाईंनी पुष्कळ विचार केला.

"हॉर्न!" म्हणाले. मग प्रामाणिक माणूस, राहवेना. "पण तो कधीकधी आपला आपणच वाजतो."

❖

अशी तीन-चार गिऱ्हाइकं पळाल्यावर पुण्याहून एक दलाल आला. चुरगळलेली टोपी, तोंडात पान. लॉरीभोवती एक चक्कर मारून भाईंच्या कानाशी लागला, "शेठ, तुम्ही फक्त गप्प बसा. गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरू, आठवडाभर आवाज येत नाही. आईच्या हजसाठीच विकताय ना? मग पुण्याचं काम आहे, चालतं!"

भाईंचा चेहरा लालबुंद झाला. आईचं नाव निघाल्यावर तर त्यांनी हातातला पाना वर उचलला. मला वाटलं आता दलालाचं काही खरं नाही. पण नेमकं आदल्या शुक्रवारी रागाचं बयान झालं होतं. राग आला तर उभ्या माणसानं बसावं, तरी गेला नाही तर आडवं व्हावं.

भाई बसले. दलाल बोलतच होता, "एवढं मनाला लावून घेऊ नका, सगळेच करतात." भाई आडवे झाले! भर गॅरेजात, ऑइलच्या डागांवर, डोळे मिटून, हात छातीवर.

दलालाची पाचावर धारण बसली. "अहो, फिट आली यांना! कांदा आणा! चप्पल आणा!" म्हणत त्यानं स्वतःच्या पायातली चप्पल काढली आणि भाईंच्या नाकाला लावली.

आता मला सांगा, रागानं आडव्या झालेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावल्यावर राग उतरेल की चढेल? पण भाई करणार काय! आडवं झाल्यावर पुढची पायरी काय, ते मौलवीसाहेबांनी सांगितलंच नव्हतं. भाई तसेच पडून राहिले, फक्त मिशा हलत होत्या. दलाल घाबरून पळाला, तो एका पायात चप्पल घालूनच. दुसरी भाईंच्या छातीवर राहिली.

त्या संध्याकाळी भाई मौलवीसाहेबांकडे चौकशी करून आले. "पाण्यानं वजू करायची असते, हात-पाय-तोंड धुवायचं," आम्हाला गंभीरपणे म्हणाले. "उद्यापासून पाण्याची बादली इथंच ठेवा." तेव्हापासून येणारी गिऱ्हाइकं लांबूनच नामदेवला विचारायची, "मालक उभं हायत का आडवं?"

❖

गॅरेजच्या कुंपणाला लागून भिमाआजीचं घर. म्हातारी एकटी, गळ्यात माळ, जीभ तिखट. तिचं आणि अम्माचं भांडण अख्ख्या कासारवाडीला पाठ होतं. अम्माची शेळी भिमाआजीचा वालाचा वेल खायची, आणि भिमाआजी शेळीसकट अम्माचा उद्धार करायची. एवढं करून दुपारी दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून एकाच पानदानातलं पान खायच्या.

रस्सा केलास तर पाणी वाढव आणि शेजाऱ्याला दे, ही हदीस आली तेव्हा भाईंनी घरी फर्मान काढलं. आजी माळकरी, तिला मटण चालेना. म्हणून आपा, म्हणजे माझी बहीण, तिच्यासाठी वेगळी आमटी करायची आणि भाईंच्या सांगण्यावरून तिच्यात पाणी वाढवायची. आठवडाभर आजीनं मुकाट्यानं खाल्ली. मग एक दिवस भांडं परत देताना म्हणाली, "दस्तगीर, पाणी माझ्याच आडातलं हाय रं. डाळ तेवढी तुझी येऊ दे!"

❖

शेवटी चाकणहून किसनराव आले. कांदे-बटाट्याचे व्यापारी, अंगानं दांडगे, बोलणं कमी.

त्या आठवड्यात उंटाची हदीस लागू होती. उंट आधी बांध, मग अल्लावर भरवसा ठेव. लॉरीचा हँडब्रेक धड नव्हताच, म्हणून भाईंनी तिच्या चाकांखाली दगड लावले होते आणि मागून साखळीनं तिला भिमाआजीच्या कुंपणाच्या खांबाला बांधलं होतं. दगड काढायचे सगळ्यांच्या लक्षात राहिले. साखळी कोणाच्याच नाही!

किसनरावांनी भाईंची सगळी दोषांची यादी शांतपणे ऐकली, वर चढले, लॉरी सुरू केली आणि गिअर टाकला. लॉरी जागची हलेना. त्यांनी पाय दाबला. लॉरी गुरगुरली, थरथरली, आणि मग असा एक हिसका बसला की काय सांगू! लॉरी सुटली ती खांब, कुंपण, वालाचा वेल आणि वेलावर वाळत घातलेलं भिमाआजीचं लुगडं सगळं मागे ओढत थेट मुंबईच्या रस्त्यावर! मागून आजी, तिच्यामागून नामदेव, आणि सगळ्यात पुढे आपोआप वाजणारा हॉर्न.

किसनराव लांबवर थांबले. खाली उतरून मागे काय काय आलंय ते नीट बघितलं.

"इंजिनात जोर हाय," म्हणाले. "घेतली."

"पण चढावर पाणी..." भाईंनी तोंड उघडलं.

"गप रं! किती सांगशील? आतापातुर लई गाड्या बगितल्या. काय बिघडनार ते आधी सांगनारा तूच भेटलास."

भाई रस्त्यातच उभे राहून रडले. नामदेव लुगडं गोळा करत होता.

❖

अम्माचं जायचं ठरलं. हजला जायच्या आधी घरोघर जाऊन, चुकलं-माकलं माफ करा, म्हणायची आमच्यात रीत. माणसाचा केलेला अपराध त्या माणसानंच माफ करावा लागतो. अम्मा काठी टेकत सगळीकडे जाऊन आली. सगळ्यांनी हात जोडले, माफ केलं, कोणी डोळे पुसले. अम्मा प्रत्येकाला सांगायची, "तिथंच मौत आली तर माझ्यासारखी नशिबाची कोण? परत यायची इच्छा नाही." सगळ्यात शेवटी भिमाआजीचं दार.

"भिमाबाय, माफ कर गं. शेळीनं तुझा वेल खाल्ला, लॉरीनं कुंपण नेलं..."

"न्हाई करत," भिमाआजी म्हणाली.

आम्हाला वाटलं थट्टा आहे. पण आजी हटेना. भाईंनी नवं कुंपण घालून दिलं, तरी नाही. नामदेवनं वालाचं बी आणून लावलं, तरी नाही. अम्माचा चेहरा उतरला. शेजारणीची माफी राहिली तर हज कबूल कशी होणार? जेवण जाईना. शेवटी निघायच्या सकाळी भाई आजीच्या पायाशी जाऊन बसले.

"आजी, माझ्या आईची आयुष्यभराची आस आहे. तिनं तुझं एवढं काय बिघडवलंय?"

"तितंच मरनार म्हंती न्हवं ती?"

"म्हणते."

"मग न्हाई करत माफ. मोकळी करून पाटवू व्हय? सांग जा तिला. माफी पायजे तर हितं परत येऊन घ्यायची."

अम्मा तशीच गेली. कुंपणाजवळून जाताना बुरख्याआडून बडबडत होती, "जिद्दी म्हातारी, जिद्दी म्हातारी."

काही महिन्यांनी अम्मा परत आली. वाळली होती, पण चालत आली. स्टेशनवर हार घेऊन माणसं उभी, कोणी तिचे हात चुंबतंय, कोणी दुआ मागतंय. अम्मा सगळ्यांतून वाट काढत स्वतःच्या दारावरून पुढे गेली आणि भिमाआजीच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिली. हातात खजूर होते.

"आले बघ. आता कर माफ."

भिमाआजी भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. फक्त पाट पुढं सरकवला.

"बस आधी. चार घास खा. माफीचं उद्या बगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा पुन्हा कुंपणाशी.

"भिमाबाय, करतेस ना?"

"आज न्हाई," आजी म्हणाली. "आज एकादशी हाय."