जिवंत माणसाचे निधनपत्रक

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मला एका जागी बसवत नाही.

सोलापुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक वयस्कर गृहस्थ तावातावाने आत आले. पूर्वी त्यांचा छापखाना होता. हातात त्यांच्याच निधनाचे पत्रक. पहाटे कोणीतरी गल्लीतल्या खांबांवर चिकटवले होते.

"पाहुणे हार घेऊन दारात आलेत, साहेब! हे जावयाचं काम. जिवे मारायची धमकी हाय ही."

त्यांच्या मुलीने मनाविरुद्ध तेलुगू विणकर घरातल्या मुलाशी लग्न केले होते. तेव्हापासून बोलणे बंद. ठाणे अंमलदाराने तक्रार नोंदवली. दुपारी खबऱ्याचा फोन आला : तक्रारदाराचे पुतणे काठ्या घेऊन कुंभारीला, जावयाच्या घराकडे निघालेत. मी तातडीने गाडी पाठवली आणि त्यांच्या आधी जावयाला ठाण्यात आणले.

त्याला उलटसुलट विचारले. त्याचे उत्तर एकदाही बदलले नाही. "साहेब, बायकोचे दिवस भरलेत. कालपास्नं मी दवाखान्यात हाय, आत्ता डबा न्यायला घरी आलतो. असलं कशाला करू?"

दवाखान्याने दुजोरा दिला. बाहेर फाटकाशी पुतणे जमलेले, वरिष्ठांचे फोनवर फोन. मी खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. हातात ते पत्रक. सहज मागून बोट फिरवले, तर अक्षरे टोचली. संगणकाची छपाई अशी उमटत नाही. हे शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, जुळवून केलेले काम होते, आणि खिळे जुन्या वळणाचे. बोरूने लिहावीत तशी जाड-बारीक अक्षरे, टोके तिरकी कापलेली, 'अ' आणि 'झ' जुन्या धाटणीचे. पूर्वी लग्नपत्रिका, पोथ्या, शाळेची प्रशस्तिपत्रे याच टाइपात निघत. शांत, भारदस्त वळण. त्यात छापलेल्या मजकुरावर शंका घ्यावी असे कोणाला वाटत नाही. पाहुणे साधा फोनही न करता हार घेऊन आले, ते म्हणूनच.

मी पत्रक तक्रारदारापुढे ठेवले. "असे खिळे आता कोणाकडे असतील?"

सकाळी त्यांनी फक्त स्वतःचे नाव वाचले होते. आता अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि पत्रक उलटे करून ठेवले. "जाऊ द्या साहेब. तक्रार मागं घेतो."

मी त्यांना घेऊन थेट त्यांच्या घरी गेलो. मागच्या खोलीतल्या जुन्या छपाईयंत्राच्या रुळांवर शाई ओली होती. शेजारी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या.

"मीच छापलं," त्या म्हणाल्या. "लेकीनं लग्न केलं तवा ह्यांनी ती मेली म्हणून असंच पत्रक काढलं. जित्या लेकीचं नाव मलाच जुळवायला लावलं, ह्या हातानं. आता तिचे दिवस भरलेत, तर मला तिच्याकडं जाऊ देत न्हाईत. म्हटलं, ह्यांनाबी कळू दे कसं वाटतं ते."

"आणि जावयाला आम्ही उचललं, त्याचं काय?"

त्या पहिल्यांदाच चाचरल्या. "त्याला धराल, हे मनात आलं न्हाई."

गृहस्थ दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "जा तू."

जबाब घेतले, बाईंना समज दिली, पुतण्यांना दम भरला. ठाण्यातून सुटल्यावर जावई सासूला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेला. पुढे नातू झाल्याचे पेढे त्यानेच ठाण्यात आणले. सासरे तोवर बाळाला पाहायला गेले नव्हते.

पुरावा संशयिताइतकाच तक्रारदारालाही दाखवावा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहावे, हे मी तेव्हा शिकलो. पण जास्त टोचते ते वेगळेच. मुलीच्या निधनाचे पत्रक लागले तेव्हाही गल्लीने ते वाचले असेल. ती जिवंत आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या दिवशी तक्रार द्यायला आमच्या ठाण्यात कोणीही आले नव्हते.