शिडीखालची पांढरी भुकटी

पेणच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात मी कामाला आहे. रोज सकाळी रोह्याहून एसटीनं येते. वय सांगत नाही. शेठही विचारत नाहीत, कारण विचारलं तर मला घरी बसवावं लागेल. दुकानात सगळे मला मावशी म्हणतात आणि माझी पाठ वळली की संशयी म्हातारी म्हणतात. म्हणोत बापडे.

हा संशय काही मी जन्मताना घेऊन आले नाही. आधी मी रोह्यातच एका किराणा दुकानात होते. तिथं एक स्टूल होतं, त्याचा एक पाय हलायचा. ते सगळ्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं, कारण मी नवी. चढले, पडले, डावं मनगट मोडलं. अजून पुरतं वळत नाही, भाकरी थापताना कळतं. दवाखान्यात भेटायला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, "अगो, ते स्टूल तसलंच हाय!" मला रडू आलं ते मनगटाचं नाही, त्या बोलण्याचं. तेव्हापासून मी धरून चालते की दुकानातली प्रत्येक वस्तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहे.

म्हणून सकाळी आल्या आल्या माझी फेरी असते. फरशी ओली राहिली का, कढयांचे काठ बाहेर आले का, पंख्याची वायर कुठं सोलली का. पातेल्यांच्या चवडीला मी एक टिचकी मारते. डुगडुगली, की खाली उतरवायला लावते.

"मावशी, तुम्ही पोलिसात भरती का नाय झालात गो?" असं विचारणारी आमच्या दुकानात एकच. ती पेणजवळच्या जोहे गावची. गणपती होईपर्यंत गावातल्या मूर्तीच्या कारखान्यात असते आणि विसर्जन झालं की आमच्याकडे, दसरा-दिवाळीच्या गर्दीला. दोन मुली शाळेत, नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या एकटीच्या हातांवर. हातही असे, की काचेचा पेला फेकला तरी झेलतील. वरच्या फळ्यांवरचा माल काढायला तीच चढते. माझं चढणं केव्हाच बंद झालंय.

चढायला दुकानात एक लाकडी शिडी होती. तिची चौथी पायरी करकरायची. मी पावसाळाभर शेठच्या मागे लागले होते, शिडी बदला. शेठ म्हणायचे, बघू. शेठचं बघू म्हणजे काय, ते इथं नोकरी केल्याशिवाय कळायचं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, बाजार बंदच्या दुसऱ्या दिवशी आले आणि दारातच थबकले. शिडी पिवळीधमक! गणपतीच्या पीतांबराला देतात ना, तो पिवळा. बाजूच्या दांड्यांना सोनेरी पट्टा. आणि चौथी पायरी दाबून पाहिली तर गप्प. अजिबात करकर नाही.

"शेठ, शिडी कोणी रंगवली?"

"उरलेला रंग होता कारखान्यातला. दसऱ्याला बरी दिसेल." शेठ मोबाइलमधून वर बघतच नव्हते.

पावसाळाभर ज्या माणसानं एक खिळा मारला नाही, त्याला एकदम रंगाचा उमाळा यावा? मला ते खरं वाटेना. रंग कशावर मारतात? जे दाखवायचं नसतं त्याच्यावर. मी जोहेवालीला म्हटलं, "तू चढू नको हिच्यावर."

ती हसायला लागली. "करकरली तरी तुमची कटकट, नाय करकरली तरी कटकट. शिडीनं करायचं तरी काय?"

त्याच आठवड्यात शिडीच्या पायाशी पांढरी भुकटी दिसली, चिमूटभर. झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. उंदराचं औषध म्हणावं, तर शेठनी टाकलेलं नव्हतं. चुना म्हणावा, तर भिंतीला ऑइल पेंट. बोटांत चोळून पाहिली. कोरडी, पिठासारखी, बोटाचा ओलावा ओढून घेणारी. म्हणजे प्लास्टर. आता पेणात प्लास्टर ओळखायला काही अक्कल लागत नाही, गणपतीच्या आधी ते एसटीच्या सीटवरसुद्धा असतं. या जोहेवालीच्या कपड्यांतून पडत असेल, असं मनाला समजावलं. पण हिचा कारखाना सुटून तीन आठवडे झाले होते. एवढे दिवस कोणाच्या साडीतून प्लास्टर पडतं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाला मोठा टोप हवा होता, सगळ्यात वरचा. ती चढली. मी खाली उभी, आणि माझी नजर टोपावर नव्हती. तिनं चौथ्या पायरीवर दोन्ही पाय टेकले, वरचा टोप उचलला आणि पिवळ्या रंगाखालून भुकटीची बारीक धार सुटली. पायरी डाव्या दांड्याला मिळते, बरोबर तिथून.

"थांब! हलू नको!"

"मावशी, गिऱ्हाईक उभं हाय."

"राहू दे उभं. टोप टाक."

"टाकू? पोचा येल त्याला!"

"येऊ दे!"

माझा आवाज तिला नवा होता. तिनं टोप सोडला, त्याचा घणघणाट सगळ्या बाजारानं ऐकला असेल. शेठ धावत आले, त्यांना शिडी धरायला लावली. तिला म्हटलं, दोन्ही हातांनी फळीची कड धर, भार हातांवर घे, आता उजवा पाय खालच्या पायरीवर, दांड्याला चिकटून. मग डावा. ती उतरली. मी शेजारचा सराटा, उलथणंच ते, उचलला आणि चौथ्या पायरीच्या टोकात दाबला. सराटा आत गेला. प्लास्टरची खपली पडली आणि खाली दिसली ती आरपार भेग. बोटभर लाकडावर पायरी टिकली होती.

मी शेठकडे वळले. "हे लपवलंत? हिच्या दोन पोरी आहेत, शेठ!"

शेठ काही बोलायच्या आत ती म्हणाली, "त्यांना नका बोलू. मीच भरली, बाजार बंदच्या दिवशी. शेठना फक्त रंग मारते म्हटलं होतं."

"तू?"

"तुम्ही रोज करकर, करकर... म्हटलं मावशीला बरं वाटेल. गणपतीच्या हाताला भेग गेली की अशीच भरतो आम्ही. प्लास्टर भरायचं, पॉलिश पेपर मारायचा, वर रंग. कोणाला दिसत नाय."

"अगो, गणपतीवर कोणी चढत नाही!"

ती हसली, आणि हसता हसता मटकन खाली बसली. मी तिच्या शेजारी बसले. गिऱ्हाइकानं आपणहून पाणी आणून दिलं.

शेठ म्हणाले, शिडी मागे ठेवून देऊ, वाडीतले आंबे काढायला होईल. मी म्हटलं, करवत आणा. माझ्यासमोर तिचे तुकडे झाल्याशिवाय मी जेवायला बसणार नाही. शेठची माफी मात्र मी मागितली नाही. भेग त्यांनी लपवली नव्हती, पण करकर त्यांनीही ऐकली होतीच की.

तुकडे तिनंच केले. करवत ठेवली तेव्हा मला एक सुचलं आणि विचारलं, "खरं सांग, दुकानात आणखी काय काय भरलंयस?"

तिनं आधी हातावरचा भुसा झटकला. मग तिनं गल्ल्याच्या वरच्या फळीकडे बोट केलं, जिच्यावर कुकरांची थप्पी असते आणि जिच्याखाली मी दिवसभर उभी असते.

"कोपऱ्यात," ती म्हणाली. "जरासंच."

आम्ही तिघांनी मिळून कुकर उतरवायला घेतले. गिऱ्हाइकाला मी पोचा आलेला टोप हातात देऊन दाराबाहेर उभं केलं.